आईनं आज कोर्टात बोट दाखवलं

मित्रांनो, आत्ताच कळमनुरीच्या कोर्टातून घरी आलोय आणि अजून डोकं तापलेलंच आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेळ्या चोरायला आलेल्या एकानं काठीनं माझ्या आईचा हात मोडला होता. आज तिची साक्ष होती. जामिनावर सुटलेला तो माणूस व्हरांड्यात तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, चेहरा दिसला न्हाई म्हणा. गावात राहायचंय ना तुमाला?"

मी त्याच्या अंगावर धावलो. आईनं दंडाला धरून मला मागं ओढलं. "त्याला मारून तूच कोठडीत जाशील. थांब जरा."

साक्षीच्या पिंजऱ्यात तिनं तोच वाकडा राहिलेला हात वर केला आणि त्याच्याकडं बोट दाखवलं. "ह्योच व्हता साहेब. अन् आत्ता बाहेर मला धमकी देऊन राहिला व्हता."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सरकारी वकील लगेच उठले आणि जामीन रद्द करायचा अर्ज देतो म्हणाले.

मी कायदा शिकतोय. शिक्षेचा हेतू माणूस सुधारणं हा असतो, असं परीक्षेत लिहून मी चांगले मार्क घेतलेत. पण आज तो सुधारावा असं मला अजिबात वाटलं नाही. त्यानं आत सडावं एवढंच वाटलं. त्याला घाम फुटलेला बघून बरं वाटलं.

आईला हे सांगितलं, तर म्हणाली, "मला बी लई बरं वाटलं बघ."

खरं सांगा, तुमच्या आईचा हात मोडला असता, तर तुम्ही त्याच्या सुधारण्याची वाट बघितली असती?