वरळीच्या खडकावरची हिरवी कालवं

"खाऊन दाखव, बाय," हिराबाई म्हणाल्या आणि कालवांची टोपली माझ्या टेबलावर ठेवली.

शिंपल्यातलं मांस हिरवट होतं.

"गिऱ्हाईक विचारतंय, आत कोथिंबीर घातलीस काय? हसतात आनि पुढं जातात."

हिराबाई वरळी कोळीवाड्यातल्या. ओहोटीला खडकांवरची कालवं काढून दादरच्या बाजारात विकायच्या. घर त्यावरच चालायचं. मी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये केमिस्ट होते. नमुना घेतला, नियमाप्रमाणे लेबलवर देणाऱ्याचं नाव आणि विक्रीची जागा लिहिली.

कालव समुद्राचं पाणी गाळून जगतं. पाण्यातले धातू त्याच्या मांसात साठत जातात. टेस्टमध्ये तांबं मर्यादेच्या बरंच वर निघालं; हिरवेपणा त्याचाच होता.

खडकांजवळ एक नाला समुद्राला मिळतो. त्याच्या कडेने मागे चालत गेले. तो एका गिरणीच्या मागच्या भिंतीतून येत होता. गिरणी ब्याऐंशीच्या संपानंतर उघडलीच नव्हती. आत मात्र कापड रंगवायचं रंगखातं सुरू होतं, तांबं असलेले रंग वापरणारं. कंत्राटदार नवा, कामगार संपातलेच, पूर्वीपेक्षा कमी मजुरीवर.

"बाई, लिहू नका काही," त्यांच्यातला एक म्हणाला. "एकदा घरी बसलोय आम्ही."

मी लिहिलं. आमच्या साहेबांनी रिपोर्ट वाचला.

"गिरणी बंद आहे."

"सर, रंगखातं चालू आहे. मी पाहून आले."

"रेकॉर्डला बंद आहे ना? मग नोटीस कोणाच्या नावाने काढू?"

"मग रिपोर्टचं काय?"

"जाईल ना. खायची वस्तू आहे, आरोग्य खात्याकडे पाठवा."

आरोग्य खात्याने कारवाई लगेच केली. इन्स्पेक्टर दादरच्या बाजारात गेला, लेबलवरचं नाव विचारत हिराबाईंपर्यंत पोचला, टोपलीत फिनेल ओतलं. त्या खडकांवरची कालवं विकायला बंदी आली.

हिराबाई परत आल्या. या वेळी हात रिकामे होते.

"रंग त्या गिरनीवाल्यानं सोडला, न् टोपली माझी नासवली?"

कायद्याने बंदी बरोबर होती. कालवं खाण्यालायक नव्हतीच. तेवढं मी त्यांना सांगितलं.

"ते तर मीच तुला सांगाया आलते," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

नाल्याला हात लागला नाही. आमची लॅब आलेल्या नमुन्यावर चालते, आणि त्या कोळीवाड्यातून नंतर एकही नमुना आला नाही. पुढच्या अहवालात त्या किनाऱ्यासमोर 'तक्रार नाही' असं छापलं गेलं.