शिवणीतली माया

इतकी वर्षं हे सांगायचं मी टाळलं. काल दवाखान्यात नर्स एका गृहस्थांच्या पोटाभोवती टेप धरून म्हणाली, "काका, पोट आत ओढू नका. पोटाच्या घेरावरूनच साखरेचा, हृदयाचा धोका आधी कळतो." माझा धाकटा भाऊ वसंताही तसंच ओढायचा. मी शिंपी. दर दिवाळीला तो म्हणायचा, "दादा, पँट आटली रे!" "खात्यापित्या घरचा दिसतोस," म्हणत मी शिवण उसवून माया सोडायचो; शिवणीत राखलेल्या जादा कापडाला आम्ही मायाच म्हणतो. त्याची साखर, रक्तदाब डॉक्टरांना फार उशिरा कळले. माझ्या टेपला वर्षानुवर्षं कळत होतं, आणि मी मूर्ख नुसता हसत होतो! हृदयाच्या झटक्यानंतर तो इस्पितळात पडून होता, तेव्हाही मी "बरा हो, नवी पँट शिवतो," एवढंच म्हणालो. "वसंता, चुकलो रे," हे म्हणायच्या आत तो गेला.