तिचे अंदमानचे पक्षी

अंदमानातल्या शाळेत शिक्षक हवेत, ही जाहिरात तिला मीच दाखवली होती. शिक्षकांच्या खोलीत डबा खाताना वर्तमानपत्राचा तुकडा तिच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, "चल गं, जाऊ या. रोज नवा डोंगर, रोज नवा पक्षी." मी आपलं चेष्टेत म्हटलं. तिने तुकड्याची घडी करून पर्समध्ये ठेवली, तेव्हा वाटलं, लोणच्याचे हात पुसायला घेतला असेल. चार महिन्यांनी ती निघाली आणि मी बोरिवलीतच राहिले.

सत्तर साल उजाडायच्या थोडं आधीची ही गोष्ट. बोरिवलीच्या एका शाळेत मी भूगोल शिकवायचे, ती गणित. आम्ही मूळचे कोकणातले, वडील गिरणीत होते, ते गेल्यावर घरी आई आणि मी. ती इथल्याच जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती घरातली. त्यांची भातशेती होती आणि खाडीत एक होडी. आम्हा दोघींना वेड एकच, पक्ष्यांचं. दर रविवारी कान्हेरीच्या जंगलात जायचं. त्यातही ती आधी चर्चमध्ये सकाळच्या प्रार्थनेचा पहिला मिसा ऐकणार, मग कॅनव्हासचे बूट चढवून येणार. तोवर पक्ष्यांची खरी वेळ निघून गेलेली असे. "देव काय संध्याकाळीही भेटतो, हळद्या नाही भेटत," म्हणून मी कुरकुरायचे. ती नुसती हसायची. गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणाऱ्या या दोन बायका जनगणनेच्या असाव्यात, असं पाड्यावरच्या लोकांना वाटायचं.

आमचा एक कडक नियम होता. पक्षी दोघींनी पाहिला तरच वहीत जाणार. एकीला दिसला आणि दुसरीला नाही, तर तो दिसलाच नाही. या नियमापायी कितीतरी पक्षी आम्ही हातचे घालवले, पण वहीत एक अक्षर खोटं नव्हतं. आणि वहीत नव्हता तो तिबोटी खंड्या. चिमणीएवढा, नारिंगी पोटाचा, जांभळ्या-निळ्या पाठीचा. हा फक्त पावसाळ्यात जंगलातल्या ओढ्यांवर येतो. त्याच्यासाठी दोन पावसाळे आम्ही डासांना रक्त पाजत ओढ्याकाठी बसलो होतो.

मी अर्ज का केला नाही? सगळ्यांना सांगितलं, आई एकटी पडेल. आईही म्हणाली, "काळ्या पाण्यावर कोण मरूक जाता गो?" मला तेवढंच निमित्त पुरलं. खरं कारण म्हणजे चार दिवस बोटीत बसायची मला भीती वाटत होती. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही.

जाताना ती आमची दोघींतली दुर्बीण माझ्याकडे ठेवून गेली. "तुला लागेल गं," म्हणाली. पहिल्याच पत्रात कळलं, तिला ती लागणारच नव्हती. तिकडचे पक्षी म्हणे माणसाला भीतच नाहीत, इतके जवळ बसतात की दुर्बिणीची गरजच पडत नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

मग पत्रांचा रतीब सुरू झाला. कावळ्याएवढा काळा कुळकुळीत सुतार, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, किनाऱ्यावर खेकडे फोडणारा खंड्या. एका पत्रात तर ती शाळेतल्या शिपायाला वाटाड्या म्हणून घेऊन सबंध दिवस एक डोंगर चढली होती. पायाला एकवीस जळवा, आणि वर पोचल्यावर दोन्हीकडे समुद्र. "तू हवी होतीस," असं प्रत्येक पत्राच्या शेवटी. ते वाचून मी आणखी चिडायचे. हवी होते तर मला ओढून न्यायचं होतं! जाहिरात माझी, कल्पना माझी, आणि समुद्रगरुड हिचा. वर्गात मुलांना साष्टी बेट शिकवताना मी मुद्दाम मोठ्याने सांगायचे, "आपणसुद्धा बेटावरच राहतो, कळलं?" मुलं खिडकीतून बाहेर बघत आणि त्यांना समोरचं रेशनचं दुकान दिसे.

उत्तरात लिहायला माझ्याकडे काय होतं? माहुलच्या चिखलातले तुतवार, तेही रिफायनरीच्या वासात. कान्हेरीला एकटीने जायची लाज वाटू लागली होती. घरातूनच मी कावळे-साळुंक्या लिहून पाठवायचे.

जानेवारीत तिचं चौदा पानांचं पत्र आलं. ती एका निर्जन बेटावर जाऊन आली होती. नवे सात पक्षी. मी पत्र वाचलं, तसंच उलटं ठेवलं आणि त्याच बैठकीत लिहिलं, "काल कान्हेरीच्या ओढ्यावर तिबोटी खंड्या पाहिला. दहा पावलांवर होता. पाच मिनिटं बसला." पाठीचा रंग, चोचीचा रंग, सगळं पुस्तकातून उतरवलं. पाकीट पेटीत टाकलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की येताना मी बटाटेवडा खाल्ला.

महिन्याने तिचं उत्तर आलं. मला वाटलं होतं, आता जळायची पाळी तिची. पण तिने लिहिलं होतं, "वा गं! जूनअखेर रजेवर येतेय. आल्या आल्या मला तिथे ने." एवढंच. माझी पाचावर धारण बसली.

ती आली ती काळी ठिक्कर होऊन, पण तब्येत झकास. घरी सामान टाकून दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी माझ्या दारात हजर. मिसासुद्धा बुडवला होता. वाटेभर मी बडबडत होते आणि ती ऐकत होती. पाऊस बारीक लागला होता. ओढ्यावर पोचल्यावर मी एक दगड दाखवला, "इथे बसले होते." आम्ही तिथे बसलो. तासभर काही नाही. माझ्या चष्म्यावर थेंब, दुर्बिणीच्या काचा धुकटलेल्या. समोर मला फक्त हिरवं आणि करडं दिसत होतं.

एकाएकी तिने माझा दंड धरला आणि कुजबुजली, "ते बघ. त्या खालच्या दगडावर. नारिंगी."

मी डोळे ताणले. काहीही दिसलं नाही. पण 'कुठे?' कसं विचारणार? मी तर त्याला पाच मिनिटं दहा पावलांवर पाहिलेलं. दुर्बीण डोळ्यांना लावून मी म्हटलं, "हो, हो! तोच. अगदी तोच. पाठ बघ कशी जांभळी आहे!"

माझा दंड तिने सोडला. मग सावकाश म्हणाली, "खेकडा आहे गं तो."

मी दुर्बीण खाली घेतली, चष्मा पदराने पुसला. दगडावर खरंच एक नारिंगी खेकडा होता. तो तिरका चालत पाण्यात गेला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"तुझं पत्र वाचलं तेव्हाच. जानेवारीत तिबोटी कुठून येणार, यार? पाऊस संपला की तो जातो. मीच तुला वाचून दाखवलं होतं ना?"

जळण्याच्या भरात मला महिन्याचं भानच राहिलं नव्हतं. "मग तेव्हाच का नाही लिहिलंस?"

"वाटलं, इथे आल्यावर तू आपणहून सांगशील."

मी तेव्हा तरी सगळं सांगायला हवं होतं. बोटीची भीती, जळफळाट, सगळं. त्याऐवजी मीच तिच्यावर भडकले. "तुला काय जातंय? रोज नवा पक्षी! आम्ही इथे काय कावळे मोजायचे?" ती दगडावरून उठली. मग म्हणाली, "एवढं लागत होतं, तर मला सांगायचं होतंस." आम्ही खाली उतरलो. गावठाणाच्या फाट्यावर तिने नेहमीसारखा निरोप घेतला, आणि महिन्याने ती परत गेली.

पत्रं थांबली नाहीत. उलट आणखी वेळेवर येऊ लागली. शाळेतल्या नव्या मुख्याध्यापकांबद्दल ती लिहायची, नारळाच्या रसातल्या कालवणाबद्दल लिहायची, छप्पर गळतं, कापडं वाळत नाहीत, तामिळ शेजारणीला मराठी शिकवतेय, सगळं लिहायची. माझ्या आईच्या गुडघ्यांची न चुकता चौकशी असायची. फक्त पक्षी नसायचे. तिकडे ती नऊ वर्षं राहिली. त्यानंतरच्या एकाही पत्रात एकही पक्षी नाही, डोंगर नाही, की 'तू हवी होतीस' नाही. मला लागू नये म्हणून तिने ते सगळं वगळलं होतं. पहिली दोन पत्रं वाचून मला हायसं वाटलं. तिसऱ्यापासून मी प्रत्येक पत्र दोनदा वाचायला लागले, कुठे चुकून एखादा पक्षी राहून गेलाय का, ते शोधत.