डबा की जाळी

अण्णा जाऊन आज वर्ष झालं, आणि त्याचा हेडफोन मला अजूनही सैल होतो.
डोकंच मोठं होतं त्याचं.

मी इथे फारशी लिहीत नाही. आज मात्र हे सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आम्ही बेळगावात, वडगावला राहायचो. अण्णा, माझा थोरला भाऊ, ऑफिसात क्लार्क. घरी आला की टेपरेकॉर्डर. बाकी कुणी त्याला हात लावायचा नाही.

त्याचा मित्र विठ्ठल कुवेतहून सुट्टीवर आला तो दोन हेडफोन घेऊनच. दोन्ही एकदम भारीतले. तशी वस्तू गावातल्या दुकानांत आम्ही कधी पाहिलीच नव्हती.
"एक तुला, एक मला. तू आधी निवड," विठ्ठल म्हणाला.

त्या रविवारी आमच्या घरी जेवण वेळेवर झालं नाही.

एकाचे कप पूर्ण बंद. कानावर बसला की बाहेरचं जग गप्प. त्याचं नाव आम्ही ठेवलं डबा.
दुसऱ्याच्या कपांना मागून जाळी. आतलं थोडं बाहेर जायचं, बाहेरचं आत यायचं. ती जाळी.

तीच कॅसेट. आधी डबा, मग जाळी, परत डबा.

"सुमे, डब्यात तबला बघ. पोटात वाजालाय की न्हाई?"
"वाजालाय."
"आता जाळी लाव. तबला कुठं गेला?"
"लांब गेला. खिडकीपाशी बसलाय."
"बरोब्बर! आणि तंबोरा?"
"माझ्या मागं."
अण्णा उडी मारायचाच बाकी होता.

मग आईच्या कानावर डबा. ती ओरडूनच बोलायला लागली, "अगं बाई, ह्यो माणूस माझ्या डोक्यात शिरलाय की!"
आम्ही हसत होतो ते तिला ऐकूच येईना. डबा काढला तोवर स्टोव्हवरचं दूध उतू गेलेलं.
जाळी लावल्यावर म्हणाली, "हे बरं हाय. गाणंबी ऐकू येतंय, दारात भाजीवाली आल्यालीबी कळतंय."

अण्णाने जाळी घेतली. गाणं डोक्यात न वाजता खोलीत वाजतं, म्हणाला. त्याचा चेहरा असा फुललेला मी त्याच्या लग्नातही बघितला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही येळ्ळूरला गेलो. आत्याकडे.

आत्या ओव्या गायची. जात्यावर बसली की गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. तिच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बोलता येईल, गाण्याचं काही सांगता येत नाही.
मंगळवारी ती दवाखान्यात जाणार होती.
त्याआधी तिचा आवाज अण्णाला टेपवर घ्यायचा होता.

सायकलवर अण्णा, मागे कॅरिअरवर मी, मांडीवर टेपरेकॉर्डर आणि त्याचा माईक.

आत्या गायली. काय गायली! माहेरच्या एकेकाला ओवीत गुंफत गेली. अण्णा जाळी लावून समोर बसलेला. टेपवरची सुई हलते का बघायचं सोडून डोळे मिटून डोलत होता.

घरी येऊन कॅसेट लावली.
नुसती खरखर.

माईकला एक बारीक स्विच होता. तो बंद.
आत्या समोरच बसून गात होती. तिचा आवाज जाळीतून थेट कानात येत होता, आणि अण्णाला वाटत होतं की तो टेपमधून येतोय.

अण्णा पांढरा पडला. तो उठला, जाळी उचलली आणि तडक विठ्ठलकडे.
"ही घे, डबा दे."
"आरं, तूच निवडलास न्हवं?"
"ह्यातनं आत्याच ऐकू येत्या रं! टेपवर काय चाललंय ते कुठं कळतंय?"

दिवस मावळायला आम्ही परत येळ्ळूरला.
आत्या उंबऱ्यातच भेटली. "काय रं, काय इसरलास?"
अण्णाने मान खाली घालून सगळं सांगितलं.
मला वाटलं, आता ती चिडणार.
ती पोट धरधरून हसली. "म्हंजे मगा मी भिंतीला गायलो व्हय? सरक तिकडं. दळण ऱ्हायलंय अजून."

अण्णाने डबा लावला. काही ऐकू येईना. स्विच सरकवला. त्याचे डोळे एकदम मोठे झाले.
मला हाताने खूण केली. आली. आत्या आली.

आणि जातं फिरवता फिरवता आत्याने नवीनच ओवी घातली:

गायली ती ओवी बाई, गेली वाऱ्यावरी
भाचा माझा परत आला, बसला उंबऱ्यावरी

अण्णा रडत होता आणि हसत होता. हसण्याचा आवाज टेपवर जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरलेला.

ऑपरेशन चांगलं झालं. आत्या पुढे खूप वर्षं बोलली, भांडली, सगळ्यांना नावं ठेवली. गायली मात्र नाही.
ती कॅसेट आमच्या घरच्या प्रत्येक हळदीला वाजते. त्या ओवीला सगळ्या बायका अण्णाकडे बघून हसायच्या, आणि अण्णा ऐटीत सांगायचा, "पहिल्यांदा स्विच चालू असता तर ही ओवी झाली असती काय?"

जाळी विठ्ठलबरोबर कुवेतला गेली. "लगीन डब्याशी झालं, जीव जाळीवर ऱ्हायला," असं अण्णा वहिनीसमोर म्हणायचा आणि बोलणी खायचा.

पण त्यानंतर कुठलंही रेकॉर्डिंग असो, तो डबा लावून आधी मला विचारायचा,
"सुमे, स्विच?"
मी म्हणायचं, "चालू."
मगच बटण दाबायचा. मी निपाणीला सासरी आल्यावरही, सुट्टीत गेले की हे ठरलेलं.

आज वर्षश्राद्धाला घरी भजन होतं. ते मी रेकॉर्ड केलं. त्याच टेपवर, तोच डबा लावून. घसरू नये म्हणून एका हाताने धरून ठेवला होता.
सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. कुणी काही विचारलं नाही.

तरी मी म्हटलं.

अण्णा, स्विच चालू.

तुला मनापासून श्रद्धांजली.
— सुमी