आहे ना आपल्यात

उजव्या हाताचा पंजा तोंडाच्या कडेला आडवा धरायचा, मान जराशी पुढं काढायची आणि पडद्यावरच्या नटानं तोंड उघडण्याआधीच त्याचं वाक्य हळूच बोलून टाकायचं, ही भाऊंची सिनेमा पाहण्याची रीत होती. नायिका डोळ्यांत पाणी आणून वळते, आता काहीतरी बोलणार म्हणून आपण सरसावून बसतो, तेवढ्यात शेजारून कुजबुज येते, "मी तुमची वाट नाही पाहणार." मग नायिकाही तेच म्हणते. पुढचं आधी सांगून मजा घालवणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या भाऊंना मजा घालवायची नसे. त्यांचा जन्म त्याच कामात गेला होता.

भाऊ आमच्या झाडीपट्टी भागातल्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. दिवाळीनंतर धान घरात आलं की आमच्याकडं गावोगावी नाटकं लागतात आणि होळीपर्यंत कंपन्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. आज या गावी एक नाटक, उद्या त्या गावी दुसरं. नटांच्या डोक्यात वाक्यांची खिचडी होते. अशा वेळी विंगेत बसून प्रत्येकाच्या पदरात त्याचं त्याचं वाक्य टाकणारा माणूस लागतो. भाऊंचा आवाज स्टेजवरच्या नटाला ऐकू जायचा आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला जायचा नाही. हे साधायला बरीच वर्षं लागतात, असं ते म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं.

हंगाम संपला की ते आमच्या मूल गावातल्या एका राईस मिलमध्ये पोत्यांत कोंडा भरायला जायचे. पुढं वयानं दोन्ही कामं सुटली आणि दर रविवारी दुपारी ते माझ्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत येऊन बसू लागले.

त्या खोलीबद्दल सांगायला हवं. तिथं एक मोठा टीव्ही आहे, डिस्क लावायचं यंत्र आहे आणि आमच्यासारख्या चार-सहा येड्यांचा अड्डा आहे. हल्ली सगळं मोबाईलवर फुकट दिसत असताना आम्ही डिस्का जमवतो. मुंबईची एक कंपनी आहे. ती जुन्या सिनेमांची रिळं शोधते, धुऊन-पुसून स्वच्छ करते आणि जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात डिस्क, पुस्तिका, जुने फोटो असं सगळं घालून विकते. आम्ही त्या खोक्याला पेटी म्हणतो. पेटी केवढ्याला पडते हे आमच्यापैकी कोणीही घरी खरं सांगत नाही.

पुढची पेटी कोणत्या सिनेमाची, हे कंपनी सरळ सांगत नाही. आधी नुसतं एका वस्तूचं चित्र टाकते. कंदील, छत्री, असं काहीतरी. ती वस्तू सिनेमात कुठंतरी असते आणि ओळखणं आपल्यावर सोडलेलं असतं. मग आमच्या ग्रुपवर जी चर्चा पेटते तिच्यापुढं नगरपालिकेची निवडणूक फिकी म्हणावी.

भाऊंचा अंदाज मात्र ठरलेला असायचा. कंदिलाचं चित्र आलं तेव्हा त्यांनी चष्मा वर करून मोबाईल डोळ्यांशी नेला आणि समाधानानं मान हलवली.

"कंदील आहे ना आपल्यात. माय दारात ठेवते. येते पाहा, या खेपेला आपलाच येते."

'आपला' म्हणजे एक जुना मराठी सिनेमा. नाव ते घेत नसत. पडदा उघडायच्या आधी नाव घेतलं की नट अडखळतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. मीही इथं ते घेत नाही. कंदील भलत्याच सिनेमाचा निघाला. पुढं छत्री आली. "आहे ना आपल्यात. पोस्टमनच्या काखेत." तीही दुसऱ्याचीच. बैलगाडीचं चाक आलं, तांब्या आला, आरसा आला, आणि सगळ्या वस्तू 'आपल्यात' होत्याच. एकदा कंपनीनं विमान टाकलं. आम्ही सगळे भाऊंच्या तोंडाकडं पाहू लागलो. खेड्यातल्या बाप-लेकाच्या गोष्टीत विमान कुठून आणणार?

भाऊंनी डोळे मिटून मान कलती केली.

"दिसत नाई," ते म्हणाले. "पण एक डाव आवाज येते."

त्या दिवशी आम्ही इतके हसलो की समोरच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून पाहायला आला.

हसण्यात सगळ्यात पुढं बोरकर साहेब असायचे. ते सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात नोकरीला. रविवारी बसनं यायचे, स्वतःच्या पाण्याची बाटली स्वतः आणायचे आणि पुराव्याशिवाय कशावरच विश्वास ठेवायचे नाहीत. भाऊ आणि त्यांचं बरं जमायचं, पण एका गोष्टीवरून कायमचं अडलेलं होतं.

'आपला' टीव्हीवर कधीमधी लागतो. त्यात मुलगा बापाशी भांडतो, पिशवी उचलतो आणि पुढच्याच क्षणी शहरात दिसतो. भाऊंचं म्हणणं होतं की मधे एक सीन आहे आणि तो कापला आहे. तो सीन ते बसल्या जागी करून दाखवायचे. बाप आणि मुलगा मोटारीची वाट पाहत एका ओट्यावर बसले आहेत. भांडणानंतर एकमेकांशी बोललेले नाहीत. बाप मुलाच्या पायाकडं पाहतो.

"नवी का?"

"हो."

"चावते?"

"थोडी."

"तेल लाव."

एवढं झालं की भाऊ हात झटकून मोकळे. "मोटर येते. पोरगा जाते. संपला सीन."

आम्हाला तो सीन आवडायचा. बोरकर साहेबांनाही आवडायचा, पण एका रविवारी त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि मनातलं बोलून टाकलं.

"भाऊ, राग नका मानू. हे मी आधी आइकलं आहे. पण सिनेमात नाई, नाटकात. आमच्या सिंदेवाहीले झालं होतं. बाप पोराले चपलेचं विचारते. लोकं चिडीचूप झाले होते."

आता भाऊ चिडतील असं मला वाटलं. ते तर हसायला लागले.

"तो मीच घातला," ते म्हणाले.

झालं असं होतं की त्या नाटकात बापाचं काम करणारा नट निरोपाच्या प्रवेशात एकदम कोरा झाला. दोन प्रवेश गाळून पुढं आला होता, त्यामुळं भाऊंना नाटकाच्या प्रतीत जागा सापडेना. स्टेजवर बाप उभा, मुलगा उभा आणि समोर अख्खं गाव.

"मी पान शोधून राह्यलो, सापडते कुठी? मंग तोंडात जे होतं ते देल्लं. नवी का? तो म्हणाला, नवी का? पोराचं काम करणाराही हुशार होता, त्यानंही उचललं. दुसऱ्या दिवशी मालक म्हणाला, हे असंच राहू द्या."

आम्ही पुन्हा हसलो, बोरकर साहेब मात्र हसले नाहीत. "मंग भाऊ, तो सिनेमातला होता हे कशावरून? तुमच्याच मनातून निघाला असन," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता. धानाच्या वाणाबद्दलही ते असंच विचारत असतील.

भाऊंनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि मग जे सांगितलं ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी मार्कंड्याच्या जत्रेत त्यांनी 'आपला' पाहिला होता. पाहिला म्हणजे एकदाच. ऐकला मात्र जत्राभर. त्यांच्या बापाचं भज्यांचं दुकान सिनेमाच्या तंबूला लागून होतं आणि कनातीपलीकडून प्रत्येक खेळाचा आवाज यायचा. सगळी वाक्यं पाठ झाली ती तिथंच. त्यांचा बाप तळ्यावर मासे धरणारा माणूस, जत्रेपुरता भजी तळायचा. "हे उचल, ते ठेव" यापलीकडं पोराशी बोलायचा नाही.

"पण तो सीन आला की त्याचा हात थांबे," भाऊ म्हणाले. "कढईतले भजे जळत, पण झारा हाले नाई. दर खेळाले. नवी का, म्हटलं की थांबे आन तेल लाव, म्हटलं की माह्याकडं पाहे. माह्या पायाकडं. माह्या पायात चप्पलही नव्हती." त्यांनी चष्मा परत लावला. "सायेब, तो सीन नसन, तर मंग माहा बाप थांबला कायले?"

 मी चहा सांगायला उठलो. त्या दिवसापासून वस्तूच्या चित्राला हसायचं आम्ही बंद केलं, कारण भाऊ कशाची वाट पाहत आहेत ते आता आम्हाला कळलं होतं. मला तर कंपनीचाच राग यायला लागला. कधी न पाहिलेल्या माणसांवर रागावणं सोपं असतं.

गेल्या हिवाळ्यात भाऊंचा दमा वाढला आणि रविवार चुकायला लागले. मी घरी भेटायला जायचो. आवाज मुळातच हळू, तो आता इतका उतरला होता की खाटेजवळ कान न्यावा लागे. "आता नटालेही आइकू जाणार नाई," ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. त्यांच्या पत्नीला आम्ही बाई म्हणतो. बाई तांदूळ निवडत दारात बसलेल्या असायच्या. भाऊंना तो सीन म्हणावासा वाटला की बापाची वाक्यं ते म्हणायचे आणि मुलाची बाईंना म्हणायला लावायचे. बाई सुपातून मान वर न काढता "हो" आणि "थोडी" म्हणायच्या. इतक्या वर्षांत त्यांचं तेवढं काम पाठ झालं होतं.

त्या महिन्यात विळ्याचं चित्र आलं होतं. मी मोबाईल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"विळा आहे ना आपल्यात," भाऊ म्हणाले. "कधी सांगतेत?"

"सांगतील आठवड्यात."

तो विळाही दुसऱ्याच सिनेमाचा निघाला. मी बिचकतच सांगायला गेलो तर ते म्हणाले, "असू दे गा. पुढच्या खेपेला." मोहफुलं पडायच्या दिवसांत भाऊ गेले. घाटावरून परतताना बोरकर साहेब माझ्या शेजारून चालत होते. 

नंतर ग्रुपवर चित्रं येत राहिली, पण अंदाज बांधायला कोणी धजेना. एकदा मातीचा माठ आला. दिवसभर सगळे गप्प. संध्याकाळी मलाच ते सहन होईना, म्हणून मी लिहिलं, "माठ आहे ना आपल्यात."

आणि या खेपेला तो होता.

पेटी आली तेव्हा मी सिनेमा पाहण्याआधी खोक्याची मागची बाजू वाचली. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गाळलेली दृश्ये'. मी बोरकर साहेबांना फोन केला. ते रविवारी आले, पाण्याची बाटली विसरून. बाईही आल्या. आजवर त्या माझ्या स्टुडिओत कधी आल्या नव्हत्या.

"मले सिनेमातलं काही समजत नाई जी," त्या खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाल्या. "त्याईचं तेवढं लावा."

मी तेवढं लावलं.

पडद्यावर एक ओटा आला. ओट्यावर एक म्हातारा आणि एक तरुण, दोघांत एक माणूस बसेल एवढं अंतर. तरुणाच्या मांडीवर पिशवी होती. बोरकर साहेब खुर्चीतून पुढं सरकले. चित्र लख्ख होतं, म्हाताऱ्याच्या दाढीचे खुंट दिसत होते, पण आवाज काही येईना. मला वाटलं वायर निघाली. मी रिमोटनं आवाज वाढवला, आणखी वाढवला. मग खाली उमटलेली पाटी वाचली. या दृश्याचा ध्वनी उपलब्ध नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं.

म्हाताऱ्यानं मान वळवली. त्यानं मुलाच्या पायाकडं पाहिलं. ओठ अजून मिटलेले होते.

"नवी का?"

मी दचकून मागं पाहिलं. बोरकर साहेब उजव्या हाताचा पंजा तोंडाच्या कडेला धरून बसले होते. पडद्यावर म्हाताऱ्याचे ओठ तेवढेच हलले, ना कमी ना जास्त.

"हो," बाई म्हणाल्या. मुलानं मान हलवली.

"चावते?" बोरकर साहेब म्हणाले.

"थोडी."

म्हातारा समोर रस्त्याकडं पाहू लागला. दूरवर मोटारीची धूळ दिसत होती. माझा हात कधी तोंडाशी गेला ते मला कळलं नाही.

"तेल लाव," आम्ही तिघांनीही म्हटलं. पडद्यावरचा बाप आमच्यानंतर बोलला.