दत्तारामने सारखी केलेली तलवार

लवंगेच्या तेलाची बाटली उघडली की माझं डोकं आजही फिरतं. बोर्निओतल्या डायाक लोकांच्या तलवारी मी जमवतो आणि गंज चढू नये म्हणून त्यांना हे तेल लावतो. त्या वासासरशी आखातात नोकरीला असतानाचं हिद्दमधलं वर्कशॉप आठवतं, आणि तिथला कामगार दत्ताराम.

दत्ताराम मालवणकडचा, लोहाराच्या घरातला. माझ्या पहिल्या डायाक तलवारीची हरणाच्या शिंगाची मूठ हलत होती, तेवढी बसवायला ती त्याच्याकडे दिली होती. खंडेनवमीला आणायला गेलो, तर पाने-हातोड्यांच्या रांगेत हळदकुंकू लावून तीही पूजेला मांडलेली. पातं आरशासारखं लखलखत होतं.

"साहेबानू, एक बाजू फुगलेली होती, दुसरी सपाट. घडवणाऱ्याचो हात चुकलो होतो. मशीनवर सारकी करून दिलंय."

अस्सल तलवार ओळखायची खूण तीच होती! एक बाजू फुगीर, एक सपाट. ती घासून टाकून हा वर मला पेढा देत होता. मी पेढा उडवून लावला. "अक्कल गहाण टाकलीस काय? खलास केलीस तिला!" सगळ्या कामगारांसमोर ओरडलो. त्याने कुंकू पुसून तलवार माझ्या हातात दिली. पुन्हा मी त्याचं तोंड पाहिलं नाही.

माफ मी त्याला अजूनही केलेलं नाही. आज भिंतीवर नऊ अस्सल तलवारी आहेत, पण त्यातली एकही कोणी घडवली हे मला माहीत नाही. त्या घासलेल्या दहावीवर ज्याचा हात फिरला, त्याचं मात्र नाव ठाऊक आहे. तेल सगळ्यात आधी तिलाच लावतो, आणि चिडून लावतो.