आमचा जर्मन वडशाला मॅनेजर होऊन गेला

हिवाळ्यात लोक गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला झाडीपट्टीची नाटकं बघायला जातात. तुम्हीही जा, जरूर जा. मी मात्र १९८६ च्या हिवाळ्यात तिथे फुटबॉल बघायला गेले होते. खरं सांगायचं तर भावावर पहारा ठेवायला.

माझा थोरला भाऊ सिद्धार्थ चंद्रपूरला कोळसा खाणीत फिटर होता आणि आमच्या कॉलनीच्या टीमचा कप्तान. सगळे त्याला 'जर्मन' म्हणायचे. जर्मनीचा एक जगप्रसिद्ध कप्तान सगळ्यांच्या मागे उभा राहून खेळायचा आणि फट दिसली की स्वतःच बॉल घेऊन पुढे सुटायचा. दादाचा खेळ अगदी तसा. त्या पावसाळ्यात दादाचा गुडघा गेला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा मैदानात उतरलास तर पाय जाईल आणि पायामागे नोकरीही. टीम म्हणाली, मग वडशाच्या स्पर्धेला मॅनेजर होऊन चल. दादा असा भडकला म्हणून सांगू!

"पोट्ट्यांचे कपडे सांभाळू काय मी?"

मी त्याच्यासमोर पेपर आपटला. तो जर्मन कप्तानही खेळणं संपल्यावर देशाच्या टीमचा मॅनेजर झाला होता. कोचिंगचं सर्टिफिकेट नाही, काही नाही. तरी त्याच वर्षी त्यानं टीमला विश्वचषकाच्या फायनलपर्यंत नेलं. हरले, पण नेलं ना!

"त्याचा गुडगा शाबूत असन," दादा पुटपुटला. दुसऱ्या दिवशी मात्र हो म्हणून आला. बाबा त्याच्या खेळावर जीव टाकायचे. ते हळूच म्हणाले, "धा मिनिटं उतरला तं काय होते?" ते ऐकलं आणि मीही पिशवी भरली. मावशी वडशालाच राहायची, त्यामुळे अडवायला कोणाला कारण नव्हतं.

चंद्रपूरच्या चांदाफोर्ट स्टेशनहून तेव्हा अरुंद रुळांवरची छोटी गाडी होती. आता मोठा रूळ झालाय, तुम्ही आरामात जाल. आम्ही लाकडी बाकांवर एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलो. मूल स्टेशन सोडलं की दोन्हीकडून सागवान आणि बांबू इतके जवळ येतात की हात बाहेर काढू नका. गाडी मात्र अशी रमतगमत चालायची की टीममधल्या कोणीतरी उतरून पळायची तयारी दाखवली. नागभीडला ती बराच वेळ थांबली, तेव्हा आलूबोंडे खाल्ले. तिखट, पण असले आलूबोंडे मला पुन्हा कुठे मिळाले नाहीत. पुढे सगळी धानाची कापलेली शेतं, आणि ब्रह्मपुरीनंतर वैनगंगेचा पूल. पुलावर सगळी पोरं खिडक्यांना चिकटली, इतकी ती नदी देखणी होती.

वडशाला उतरलो तर समोर जीप, जीपवर भोंगा, आणि भोंग्यातून आमच्या दादाचं नाव! स्पर्धेचे आयोजक गुलाबभाऊ मूळचे नाटकवाले. नाटकाच्या पोस्टरवर नायकाचं छापतात तसं त्यांनी दादाचं नाव हे एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलं होतं. खाली लिहिलेलं, 'प्रत्यक्ष मैदानात!'

"भाऊ, मी खेळून नाई राह्यलो. मी म्यानेजर आहो," दादा म्हणाला.

"अहो, हिरो विंगेत बसून राह्यला तं पब्लिक खुर्च्या तोडन!"

दादा हसला, पण ते पोस्टर त्यानं वळून वळून पाहिलं. रात्री मावशीनं लाखोळीच्या डाळीचे वडे केले. एरवी डझनभर खाणारा माणूस दोनावर उठला.

पहिली मॅच आमच्या पोरांनी कशीबशी काढली. दुसऱ्या दिवशी फायनल, समोर गडचिरोलीची टीम. अर्धी मॅच झाली तेव्हा आम्ही एका गोलनं मागे होतो आणि सगळं मैदान ओरडत होतं, "जर्मन! जर्मन!" तेवढ्यात गुलाबभाऊंनी माईकवर जाहीरच करून टाकलं की आता साक्षात सिद्धार्थभाऊ उतरत आहेत. दादा उठला. त्यानं स्वेटर काढला. मी बायकांच्या घोळक्यातून किंचाळले, "दादा, बस खाली!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. हसू देत.

दादा मैदानात गेला नाही. माईककडे गेला.

"मी खेळणार नाई. माझ्या जागेवर शंकर खेळन. त्याले पाहा."

काय शिट्ट्या, काय शिव्या! "काऊन बोलावलं मंग?" एक म्हातारबा ओरडले. शंकर आमच्या टीमचा उजव्या बाजूचा बचावपटू, स्वभावानं भित्रा. दादानं त्याचे दोन्ही खांदे धरले. "फट दिसली का निंग. माझ्याकडं पाहू नको."

आणि शंकर निघाला हो! स्वतःच्या गोलपासून बॉल घेऊन दोघांना चकवत तो थेट पुढे गेला आणि पास दिला. बरोबरी झाली. शेवटाकडे पुन्हा तसाच सुटला, आणि या खेपेला गोल त्यानं स्वतःच मारला. जिंकलो!

लोकांनी शंकरला खांद्यावर घेतलं आणि दादाच्या समोरून नेलं. दादाकडे कोणी बघितलंही नाही. तो उभा होता, दोन्ही मनगटांवर पोरांची घड्याळं चढवून, काखेत त्यांचे स्वेटर. मला वाटलं, आता हा रडणार. मी धावत गेले तर त्याचे डोळे लकाकत होते.

"पाह्यलंस? मी त्याले थांब म्हणून ओरडणारच होतो. मी इतक्या लवकर निंगालो नसतो. पोट्टं माझ्याहून भारी हाय!"

मला माझ्या भावाचा इतका अभिमान त्याच्या एकाही गोलनंतर वाटला नव्हता.

तो जर्मन पुढे मॅनेजर म्हणूनही विश्वचषक जिंकला, ते जगाला माहीत आहे. आमच्या जर्मननं कॉलनीची टीम पुढे कितीतरी वर्षं सांभाळली, ते मी नाही सांगितलं तर कोण सांगणार? वडशाहून मी तांदूळ आणला होता, तो संपला. मावशीही आता नाही. परतीच्या दिवसाचं मात्र सगळं लख्ख आठवतं.

चांदाफोर्टला बाबा घ्यायला आले होते. त्यांनी आधी दादाची पँट पाहिली. मातीचा डाग नाही.

"उतरला नाईस?"

"नाई, बाबा."

"अन् कप?"

"पोट्ट्यांनी जिंकला."

दादाच्या खांद्यावरची बॅग काढून बाबांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली. मग सायकलरिक्षावाल्यानं काही विचारलेलं नसताना त्याला म्हणाले, "माझा पोरगा हाय. म्यानेजर हाय."